लग्नचौकातली माणसं

रेवीनं आयुष्यात चाळीसेक लग्नांचे चौक लिहिले होते, आणि पोटच्या पोरीच्या लग्नात तिला भिंतीला बोट लावता येत नव्हतं.

त्यात कुणाची चूक नव्हती. लग्नाचा चौक, गेरूच्या भिंतीवर पिठानं काढलेलं देवीचं चित्र, सवाशिणींनी लिहायचा असतो, आणि रेवीचा नवरा बारक्या मागच्या भाद्रपदात तापानं गेला. रीत ती रीत. काही वर्षांपूर्वी रेवीची जाऊ अशीच मोकळी झाली होती, तेव्हा रेवीनंच तिला सांगितलं होतं, "आता तू बाहेर बस गं बाय." सांगून ती लगेच आपल्या कामाला लागली होती. जाऊ कुठं बसली, किती वेळ बसली, हे तिनं वळून पाहिलं नव्हतं. आज अंगणात बसल्यावर तिला ते आठवलं. जाऊ आता वीटभट्टीवर होती, नाहीतर रेवी तिच्याशेजारी जाऊन बसली असती.

भात झोडून झालं की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. घराघरांना कुडाची दारं लावून माणसं निघून जातात आणि पाड्यावर म्हातारे आणि कोंबड्या राहतात. लेक चैतीच्या लग्नाचा चौक लिहायला म्हणून दोनच सवाशिणी हाती लागल्या होत्या. एक शेजारची मथी आणि दुसरी रेवीची सून यमी.

मथीला चौकाची चौकट यायची. चार बाजूंच्या रेघा, साखळी, मधे पालघट देवी, तिच्या बाजूला शिडी, फणी, चांद-सूर्य, हे सगळं ती डोळे मिटून लिहायची. पण चौकाबाहेर जी माणसं लागतात, कांडणारी, पाणी आणणारी, माडावर चढणारी, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी, ती तिला कधी जमली नव्हती.

"माझी माणसं उंदरासारखी दिसतात," ती स्वतःच सांगायची. "माणसं यमी लिहील. शाळेत जाऊन आलीये ती."

यमी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली होती. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे चौक लिहिताना तिनं कुणाच्या मांडीशी बसून पाहिलं नव्हतं. या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत रेवी दुसऱ्यांच्या घरी चौक लिहायला जायची तेव्हा यमी घर सांभाळायची. शिकवायला पुढं खूप दिवस आहेत असं रेवीला वाटत होतं.

आता एकच दिवस होता. उद्या सकाळी नवरदेवाची माणसं येणार होती. आज उन्हं कलायच्या आत चौक लिहून व्हायला हवा होता, कारण उन्हं कलली की लग्न लावणारी सुकरी धवलेरी येणार होती.

चौक बरा नसेल तर देवी त्यात उतरत नाही, आणि देवी उतरली नाही तर लग्न लागत नाही. देवी उतरली का नाही ते सुकरीला कळायचं. ती चौकासमोर बसून गाणं सुरू करायची. गाणं सरळ वाहत गेलं तर बरं. मधेच घशाशी अडलं तर ती उठायची, पदर झटकायची आणि म्हणायची, "परत लिहा." दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या पाड्यावर असंच झालं होतं. भिंतीला पुन्हा गेरू लावला, तो वाळेपर्यंत वऱ्हाड एक अख्खा दिवस आंब्याखाली बसून राहिलं. त्या नवराबायकोला लोक अजून 'आंब्याखालची' म्हणतात. त्यांना पोर झालं, त्यालाही म्हणतात.

चैतीला कुणी तसं म्हणू नये, एवढंच रेवीला हवं होतं.

सकाळी मथीनं दोरी धरून चौकट आखली. करवंटीत तांदळाचं पीठ कालवलेलं होतं. यमीनं बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक मऊ केलं. मग तिनं कमरेला खोचलेली कंपासपेटी काढली.

रेवी अंगणात उंबऱ्यासमोर बसली होती. तिथून तिला आतला अंधार, यमीचा उजवा हात आणि भिंतीचा हातभर तुकडा, एवढंच दिसत होतं.

"हे काय गं?" ती म्हणाली.

"पट्टी."

"ती कशाला?"

"त्रिकोण सरळ यायला, आय. आमच्या चित्रकलेच्या सरांनी असंच शिकवलंय. वर उलटा त्रिकोण, खाली सुलटा त्रिकोण, डोक्याला गोल. हातापायांच्या रेघा. झाला माणूस." यमीनं खिळ्यानं भिंतीवर बारीक रेघ ओढली, तिच्यावर काडी फिरवली. गोलासाठी कंपासाचं टोक गेरूत रोवलं.

तासाभरात कांडणाऱ्या पाच बाया उभ्या राहिल्या. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. मथी दोन पावलं मागं सरकली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्या कांडतायत, का झेंड्याला सलामी देतायत?"

यमीचा चेहरा पडला. "मापात तर हायेत."

"मापात हायेत गं. पण जित्या हायेत का?"

रेवीला राहवलं नाही. "कंबर कुठं गेली त्यांची? यमे, मुसळ वर जातं तेव्हा कंबर..."

"वयनी," मथी मधेच म्हणाली, "तू बोलू नको."

"मी हात लावला का?"

"तोंड लावलंस ना. तू सांगायचं आणि हिनं लिहायचं, म्हणजे तूच लिहिल्यासारखं झालं. सुकरीबायचं गाणं अडलं तर म्हणतील, मथी तिथंच होती, तिनं अडवलं नाय." मथीचा आवाज वाईट नव्हता. ती घाबरलेली होती. "तुझ्याच पोरीसाठी सांगते."

रेवीला ते पटलं. मथीच्या जागी ती असती तर तीही हेच बोलली असती. ती गप्प बसली.

पण गप्प बसून यमीला काही कळणार नव्हतं. रेवीला चौक शिकवला तो तिच्या आत्यानं. आत्या फार बोलायची नाही. ती काडीनं दोन टोकं एकमेकांना लावायची आणि म्हणायची, इथं बघ. वरचं अंग आणि खालचं अंग जिथं टोकाला टोक भेटतं, तिथं माणसाचा जीव असतो. ते टोक कणभर मागं गेलं की माणूस दमलं. कणभर पुढं आलं की ते धावायला लागलं. वरचं अंग नुसतं कलंडलं की त्याच्या डोक्यावर ओझं आलं, ओझं लिहिलं नाही तरी. डोळे नाहीत, नाक नाही, हसू नाही, रडू नाही, सगळं त्या एका टोकावर. हे कळायला रेवीला सहा लग्नं लागली होती. यमीकडं उन्हं कलेपर्यंतचा वेळ होता.

रेवी उठली आणि उखळाकडं गेली.

लग्नात मानाचे तांदूळ लागतात, ते घरीच कांडायचे होते. ते काम चैतीच्या मामीला सांगितलेलं होतं, पण मामी अजून आली नव्हती. रेवीनं उखळात भात ओतलं, मुसळ उचललं आणि कांडायला लागली. दारासमोर, उन्हात, यमीला दिसेल अशी. मुसळ वर नेलं की ती तिथंच थांबायची. श्वास दोन श्वास. मग खाली आणायची, पुन्हा थांबायची.

आतून पट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग सलामीवाल्या बायांवर गेरूचा बोळा फिरल्याचा.

रेवीनं आत पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेही सांगितल्यासारखंच झालं असतं. ती आपली कांडत राहिली.

थोड्या वेळानं मथी दारात आली. "वयनी, एवढं सावकाश कांडून तांदूळ कधी व्हायचे?"

"म्हातारी झाले बाय."

"कालपर्यंत नव्हतीस."

"काल कामाची घाई होती. म्हातारं व्हायला वेळ कुठं होता."

मथीनं तिच्याकडं बघितलं, आत यमीकडं बघितलं. तिला सगळं कळलं असणार. पण मुसळ उचलू नको असं कुठल्या रीतीत सांगितलेलं नव्हतं. "मला काय," ती पुटपुटली आणि साखळीची रेघ पुढं न्यायला गेली.

मग रेवीनं सूप घेतलं. पाखडताना माणूस मागं रेलतं आणि मान खाली घालतं, ते तिनं नीट दाखवलं. मग हंडा डोक्यावर घेऊन विहिरीवर गेली, आली, पुन्हा गेली. येताना दाराशी थांबून एक हात कमरेवर ठेवायची. हंड्यात पाणी होतं का नव्हतं हे कुणी पाहिलं नाही. वाकून अंगण झाडलं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. उकिडवी बसून चुलीसाठी लाकडं फोडली.

नाचाचं मोठं कोडं होतं. चौकात तारप्याचा फेर हवाच, आणि फेरात बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढं वाकतात, एकीचं वजन दुसरीवर असतं. एकट्या बाईनं ते कसं दाखवायचं? रेवीनं मांडवाच्या मेढीला कमरेशी हात घातला, गुडघे वाकवले आणि पाय टाकायला सुरुवात केली. दोन पुढं, एक मागं, टाच आपटायची.

चैती हळद लावलेल्या अंगानं मागच्या बाजूनं आली. तिच्या कानांच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या होत्या.

"आय, हे काय? ताडी प्यालीस का?"

"पायाला मुंग्या आल्यात. जा तू, उन्हात येऊ नको."

"मेढीबरोबर नाचतेस?"

"तुझ्या लग्नात कुणीतरी नाचायला नको का? सगळे भट्टीवर. जा म्हटलं ना."

चैती हसत गेली. रेवी पुन्हा दोन पुढं, एक मागं.

सगळ्यात अवघड होता माडावर चढणारा गडी. तो नसेल तर चौक ओकाबोका दिसतो. रेवी काही माडावर चढणार नव्हती. तिनं मेढीला दोन्ही हातांनी विळखा घातला, एक पाय मेढीला लावला, मान वर केली आणि तशीच राहिली. तेवढ्यात तिचा मुलगा शिणवार, यमीचा नवरा, मांडवासाठी जांभळीचे टाहाळे घेऊन आला.

"आय, मेढीला मिठी का मारलीस?"

आता काय सांगायचं? "तुझ्या बापाची आठवण आली," रेवी म्हणाली.

शिणवारनं टाहाळे हळूच खाली ठेवले आणि आवाज न करता निघून गेला. रेवीला हसू आलं. मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण बोलल्यावर खरोखरच आठवण आली होती. बारक्या माडावर चढायचा तेव्हा असाच अर्ध्यावर थांबून वर बघायचा, अजून किती राहिलं म्हणून.

तिनं विळखा सोडला नाही. आतली काडी अजून चालली होती.

सुकरी धवलेरी आली तेव्हा अंगणातली सावली लांब झाली होती. ठेंगणी, काळी, तोंडात तंबाखूची गोळी, हातात काठी. तिनं रेवीकडं मान हलवली, काठी कुडाला टेकवली आणि आत गेली.

मथी हात धूत होती. दिवसभर ती भिंतीला नाक लावून साखळी ओढत होती, त्यामुळे सगळा चौक एका नजरेत तिनंही अजून पाहिला नव्हता. आता ती सुकरीच्या मागं उभी राहून बघायला लागली. 

मग मथी म्हणाली, "अगं बाय. ही रेवी वयनी."

ती भिंतीजवळ सरकली.

"ही पण वयनीच. ही सूपवाली. ही हंडेवाली बघा, हात कमरेवर. ही झाडणारी." तिचा आवाज चढत गेला. "फेरातल्या बाया मोजा, आठच्या आठ वयनी. यमे, काय केलंस तू हे?"

"मी काय केलं?" यमीचा आवाज बारीक झाला होता. "जे दिसलं ते लिहिलं."

"तो माडावरचा गडी पण वयनी हाय."

 बाहेर रेवीला कळलं काय झालं ते. तिनं कांडणारी बाई दाखवली होती, यमीनं रेवी पाहिली होती. तिच्या आत्यापुढं बसून शिकताना रेवीनं पाड्यावरच्या दहा जणींना कांडताना पाहिलं होतं, म्हणून तिच्या चौकात दहा जणी असायच्या. यमीपुढं आज एकच होती.

मथी दारात आली. ती रडवेली झाली होती. "लग्नाचा चौक हाय, वयनी. त्यात एक सवाशीण नाय. सगळी भिंत तूच. मी तुला वाईट बोलत नाय, पण उद्या काय सांगायचं लोकांना?"

रेवीला आंब्याखालचं वऱ्हाड दिसलं. "पुसा," ती म्हणाली. "गेरू हाय अजून. लगेच फिरवला तर सकाळपर्यंत वाळेल. माणसं नुसती उभी करा, पट्टीनं. सलामी देऊ दे त्यांना. माझ्या पोरीचं लग्न लागू दे."

"रेवी," आतून सुकरीनं हाक मारली. "आत ये."

"मी कशी येऊ, सुकरीबाय?"

"लिहायला बंदी हाय, बघायला नाय. हात मागं धर आणि ये."

रेवीनं दोन्ही हात पाठीशी धरले आणि उंबरा ओलांडला.

डोळ्यांना अंधार सरावायला जरा वेळ लागला. मग लाल भिंतीवर पांढरी माणसं एकेक करून पुढं आली. मधे चौकात मथीची पालघट, हात पसरून. आणि चारी बाजूंनी ती स्वतः. मुसळ वर नेलेली, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. आपला डावा खांदा खाली असतो हे रेवीला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सूप घेतलेली बाई मागं रेललेली, अगदी पडेल अशी वाटावी, पण पडत नव्हती. हंडेवाली दमलेली होती आणि दमलेलं कुणाला दिसू नये म्हणून ताठ होती.  हे पण दिसतं का माणसाला?

फेरातल्या आठ जणी एकीवर एक झुकत चालल्या होत्या, टाचा उचललेल्या. एवढ्या एका काडीनं, वर एक टोक, खाली एक टोक. तिच्या हातून चाळीस लग्नांत असा फेर तीन-चारदाच झाला असेल.

"छान लिहिलाय," तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती भानावर आली. "पण पुसा."

"थांब. हे काय?" सुकरीनं खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं एक बाई कंबरेत मोडल्यासारखी वाकून चालली होती. पाठीवर ओझं होतं.

"लाकडाची मोळी," मथी म्हणाली. "आणि इथं पिठाचा ओघळ आलाय. तेवढा तरी पूस, यमे."

"ओघळ नाय तो," यमी म्हणाली.

रेवी वाकली. मोळीला डोकं होतं, बारकं, गोल, वाकलेल्या बाईच्या खांद्यावर टेकलेलं. मोळीला दोन पाय होते. एक काडीसारखा, एक मुसळासारखा जाड.

आज दिवसभरात रेवीनं पाठीवर काही घेतलं नव्हतं.

"मला साप चावला तो दिवस," यमी सुकरीकडं न बघता बोलत होती. "लावणी चालली होती. हे मजुरीला बाहेरगावी गेले होते, सासरेही घरात नव्हते. आयनं मला पाठीवर घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. दोन ओढे ओलांडून. पाय सुजून एवढा झाला होता. मला बाकी काही दिसत नव्हतं, आयची मान आणि पाठ, तेवढीच. झोपू नको, झोपलीस तर ओढ्यात टाकीन, असं सारखं म्हणत होती." ती थांबली. "त्याचं मी कधी काही बोलले नाय. कसं बोलतात ते कळलं नाय. आज तिचं कांडणं बघून लिहीत होते, तर हात आपोआप तिकडं गेला. चुकलंच माझं."

 रेवीनं पाठीशी धरलेले हात आणखी घट्ट धरले, नाहीतर ते यमीकडं गेले असते आणि यमी चौकाला अगदी लागून उभी होती.

सुकरीनं तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मथे, इकडं ये. ह्या बाईला नवरा नाय, हे तुला कुठनं दिसलं?"

"कुठनं म्हणजे? ही वयनी हाय ना."

"चौकात बघून सांग. अंगणात नको बघू. हिला तोंड हाय का?"

"नाय."

"कपाळ?"

"चौकातल्या माणसांना कपाळ कुठं असतं?"

"मग कुंकू हाय का नाय ते तू कशावर बघितलंस? पाठीवर? पाठीला कुंकू लावतात का तुमच्या घरी?"

मथी भिंतीकडं वळून पुन्हा बघायला लागली.

"आपल्या म्हाताऱ्यांनी माणसाला दोन टोकं दिली आणि वर एक गोळा दिला," सुकरी म्हणाली. "तोंड दिलं नाय. का नाय दिलं ते मला ठाऊक नाय. पण कांडणारी कांडतेय का, नाचणारी नाचतेय का, एवढं मला दिसतं. इथं सगळ्या जित्या हायेत." मग तिनं काठी मागवली, ती मांडीवर आडवी ठेवली आणि चौकासमोर बसली. "पण मी कोण सांगणार? ते देवीनं सांगायचं. बसा गप."

मथी बसली, यमी बसली. शिणवार आणि चैती दारात आले. रेवी हात मागं धरून मागच्या कुडाशी उभी राहिली.

सुकरीनं गाणं धरलं. आधी जमीन कशी झाली ते, मग पाणी, मग कणगी, मग ज्या घरात चौक लिहिला त्या घराची माणसं. तिचा आवाज फुटका होता, पण रस्ता ठाऊक असलेल्या बैलासारखा चालत होता. चैतीचं नाव आलं. शिणवारचं आलं. चौक लिहिणाऱ्या मथीचं आलं, यमीचं आलं. आणि तिथं आवाज थांबला.

रेवीनं डोळे मिटले. मथीनं पदराचं टोक तोंडात घातलं.

सुकरी खोकली. पुन्हा खोकली. "पाणी द्या कुणीतरी," ती म्हणाली, "तंबाखू घशात गेली." शिणवार धावला. तिनं घोटभर पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. पुढचं नाव रेवीचं घेतलं. मग गाणं जे निघालं ते डोंगर उतरून समुद्रापर्यंत गेलं, पालघट तिथून निघाली, ओढे ओलांडत आली, मांडवात आली, उंबऱ्यात आली, आणि बाहेर उन्हं गेली तरी ते कुठं अडलं नाही.

संपल्यावर सुकरी उठली. "लिहिणारीच्या हाताला तेल चोळा," एवढंच म्हणाली आणि ताडीसाठी अंगणात गेली.

मथीनं देवीला कुंकवाचे ठिपके लावले. जाताना ती रेवीपाशी थांबली. "वयनी, लग्न झालं की चार दिवसांनी मी अंगणात येऊन बसते. तू कांड. बघू माझे उंदीर सुधारतात का."

"नुसती बसू नको. तू पण कांड," रेवी म्हणाली. "दोघी असल्या म्हणजे एकीच्याच पाठीवर सगळा चौक नको. आणि जाऊ भट्टीवरनं आली की तिलाही बोलावू."

यमी भिंतीशी तशीच बसून होती. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, बोटांवर पीठ वाळून पापुद्रे आले होते, मूठ मिटत नव्हती. रेवीनं चुलीवरची नागलीची भाकर आणली, वर सुकट आणि मिरचीचा ठेचा घातला, आणि सुनेसमोर मांडी घातली. आता हात मागं धरायचं कारण नव्हतं. तिनं तुकडा मोडला आणि यमीच्या तोंडाशी नेला.

"मी खाते, आय. डाव्या हातानं खाते."

"तोंड उघड."

यमीनं तोंड उघडलं. रेवीनं दुसरा तुकडा मोडला.

"त्या दिवशी मी एवढी वाकले नव्हते गं."

"वाकली होतीस," यमी भरल्या तोंडानं म्हणाली.

"बरं," रेवी म्हणाली, "वाकले असेन." आणि तिसरा तुकडा मोडायला तिनं भाकर जवळ ओढली.